पेट्रोल पंपावर माप मागता येतं, मग गॅरेजमध्ये जुना पार्ट का नाही?

पेट्रोल पंपावर संशय आला तर पाच लिटरचं माप मागता येतं. ते माप पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात पेट्रोल ओतून दाखवावं लागतं. भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो. रिक्षाच्या मीटरला सील असतं (आपल्या कल्याण-डोंबिवलीत मीटर पडतच नाही, हा भाग वेगळा). सोन्याला हॉलमार्क आहे, गॅस सिलिंडर वजन करून घेता येतो.

आता मला सांगा, मागच्या सर्व्हिसिंगला तुम्ही आठ-दहा हजार मोजलेत, त्यातलं नेमकं काय काय झालं हे तुम्हाला कशावरून माहीत?

बिलावरून. आणि बिल लिहिलं कोणी? ज्याने पैसे घेतले त्यानेच.

ही पोस्ट "सगळे गॅरेजवाले चोर" असं सांगायला लिहिलेली नाही. तसं म्हणणं खोटंही आहे आणि सोपंही. माझा मुद्दा वेगळा आहे. प्रामाणिक कोण आणि चोर कोण हे ग्राहकाला कळायची सोयच आपल्याकडे नाही, आणि ती सोय करणं हे सरकारचं काम आहे. ते होत नाही म्हणून प्रामाणिक मेकॅनिक मार खातो आणि चलाख माणूस दुसरी शाखा उघडतो.

आपल्या भागातला नेहमीचा प्रकार बघा. माणूस सकाळची फास्ट लोकल पकडून मुंबईला जातो. गाडीची चावी वॉचमनकडे. गॅरेजचा मुलगा येतो, गाडी घेऊन जातो. अकरा वाजता ऑफिसात फोन: "साहेब, ब्रेक पॅड गेलेत, लोअर आर्मचे बुशपण गेलेत, टाकू का?" साहेब मीटिंगमध्ये. "टाका."

संपलं. हा एक शब्द म्हणजे अख्खा करार. किती रुपयांचा पार्ट, कुठल्या कंपनीचा, किती झिजला होता, खरंच झिजला होता का, काही नाही. रात्री गाडी सोसायटीत येते, धुतलेली असते, डॅशबोर्ड चमकतो, सीटखाली कागद अंथरलेला असतो. आपण खूश! धुतलेली गाडी दिसते. बदललेला बुश दिसत नाही.

गंमत बघा, बिलात जी कामं वाढत जातात ती नेमकी न दिसणारी असतात. इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन ड्रेसिंग, एसी डिसइन्फेक्टंट, अंडरबॉडी कोटिंग. यातली काही कामं काही गाड्यांना खरंच लागतात. पण झाली की नाही हे तुम्ही कसं बघणार? टायर बदलला नाही तर लगेच कळतं, म्हणून टायरमध्ये कोणी फसवत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी साधा उपाय केला. सर्व्हिसिंगला गाडी द्यायच्या आधी ऑइल फिल्टरवर आणि एअर फिल्टरच्या कडेला काकूंच्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका. गाडी परत आली. बिलात दोन्ही फिल्टर नवे, दोन्ही ठिपके जागच्या जागी! विचारायला गेले तर उत्तर: "काका, मुलगा नवीन आहे, विसरला असेल." मुलगा विसरला, बिल मात्र काही विसरलं नाही. गॅरेजचं नाव इथे देत नाही, कारण विषय एका गॅरेजचा नाही. पैसे परत मिळाले, पण ठिपका होता म्हणून मिळाले. ज्यांनी ठिपका लावला नव्हता त्यांचं काय?

"मग ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरला जा ना," असं लगेच कमेंटमध्ये येईल, म्हणून आधीच बोलतो. तिथे एसी लाउंज असतो, कॉफी असते, काच असते आणि काचेच्या पलीकडे तुमची गाडी असते. जॉब कार्ड छापील असतं, ही गोष्ट चांगली. पण सर्व्हिस ॲडव्हायझरला टार्गेट असतं हे त्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. ज्याचा पगार जास्त बिलावर ठरतो, त्याच्याकडून "तुमच्या गाडीला यातलं काहीच नको" हे वाक्य ऐकायची अपेक्षा जरा जास्तच आहे.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेत सिअर्स नावाच्या मोठ्या कंपनीची गॅरेजची साखळी होती. १९९२ मध्ये कॅलिफोर्निया सरकारने साध्या ग्राहकासारखी माणसं गाड्या घेऊन तिथे पाठवली. आधी तपासून ठेवलेल्या गाड्या. गरज नसलेली कामं गळ्यात मारली जात असल्याचं उघड झालं. मुळात काय होतं? कर्मचाऱ्यांना कमिशन आणि विक्रीचं टार्गेट. कंपनीला ती कमिशनची पद्धत बंद करावी लागली.

आणि कंपन्यांच्या शोरूमबद्दल फार भोळेपणा नको. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आपल्याच भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. कशासाठी? सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हते म्हणून. पुढे अपिलं वगैरे झाली. पण मुद्दा लक्षात घ्या. बाहेरच्या मेकॅनिकला पार्ट मिळू द्यायचा नाही आणि ग्राहकाला सांगायचं की बाहेर गेलात तर ड्युप्लिकेट टाकतील. दोन्हीकडून कोंडी ग्राहकाचीच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पैशापेक्षा मोठी.

खासगी कारचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. तोपर्यंत आरटीओ तुमच्या गाडीची फिटनेस तपासणी करत नाही. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, ब्रेककडे बघत नाही. म्हणजे एमएच-०४ असो की एमएच-०५, पहिली पंधरा वर्षं तुमच्या ब्रेककडे, स्टीअरिंगकडे, सस्पेन्शनकडे बघणारा या जगात एकच माणूस आहे: गॅरेजवाला. आणि त्याने बघितलं की नाही, हे बघणारा कोणीही नाही.

ब्रेक ऑइलचंच घ्या. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. बदललं नाही तर रोजच्या ट्रॅफिकमध्ये काहीच कळत नाही. मग पावसाळ्यात माणूस कुटुंबाला घेऊन मुरबाडमार्गे माळशेजला जातो. घाट उतरताना सारखा ब्रेकवर पाय, ब्रेक तापतात, त्या जुन्या ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. "ब्रेक ऑइल चेंज" असं बिलावर लिहून नुसतं टॉपअप मारणाऱ्याने काही शे रुपये वाचवले. मागच्या सीटवर मुलं असतात.

आणि आपल्या रस्त्यांबद्दल काय बोलायचं? घोडबंदर रोड आणि कल्याण-शीळ रोड या दोन रस्त्यांनी किती लिंक रॉड आणि किती शॉकॲब्झॉर्बर खाल्ले असतील याचा हिशोब ठेवायला वेगळं खातं काढावं लागेल. खड्ड्याने गाडी मोडायची, त्यासाठी रोड टॅक्स आपण भरायचा, दुरुस्तीही आपण करायची आणि दुरुस्ती झाली का हेही आपणच गाडीखाली वाकून बघायचं. वा रे नागरिक!

आता कायद्याचं बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. गाडी चालवणाऱ्याला लायसन्स लागतं. गाडी दुरुस्त करणाऱ्याला लागत नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा उत्तम कोर्स आहे, पण तो केलाच पाहिजे असं बंधन नाही. ग्राहकाला जुना पार्ट दाखवा, आधी लेखी एस्टिमेट द्या, असं गॅरेजला सांगणारं कलमही त्यात नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मात्र आपल्या बाजूने आहे. पैसे घेऊन काम न करणं ही सेवेतली त्रुटी आहेच, पण महत्त्वाची माहिती जाणूनबुजून ग्राहकापासून लपवणं हेही त्या कायद्याच्या व्याख्येत त्रुटीच आहे. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे डोंबिवलीकराने ठाणे जिल्हा आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो, बरीच प्रकरणं तिथेच मिटू शकतात.

हे सगळं छान. पण खरं सांगा, अठराशे रुपयांच्या फसवणुकीसाठी सुट्ट्या टाकून तारखांना कोण जाणार? कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा लिहिलेली आहे. अपेक्षा! शिवाय तिथे गेल्यावर पहिला प्रश्न येणार, पुरावा काय? जुना पार्ट तर केव्हाच भंगारात गेला. म्हणजे फसवणुकीचा पुरावा फसवणाऱ्याच्याच ताब्यात असतो आणि तोच तो किलोवर विकून टाकतो. म्हणून म्हणतो, नंतरचा न्याय पुरेसा नाही. आधीचा नियम हवा.

आणि तो नियम काही चंद्रावरचा नाही. कॅलिफोर्नियात १९७१ सालापासून कायदा आहे. काम सुरू करायच्या आधी लेखी अंदाज द्यायचा. त्याच्यापेक्षा जास्त खर्च होणार असेल तर पुन्हा परवानगी घ्यायची. ग्राहकाने काम देतानाच मागितले तर काढलेले पार्ट त्याला परत द्यायचे. गॅरेजवर लक्ष ठेवायला वेगळं सरकारी खातं. पन्नास वर्षं होऊन गेली, तिथली गॅरेजं काही बुडाली नाहीत.

आपल्याकडे केंद्राने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारीही आहेत. स्वागत आहे. पण दुरुस्त करण्याचा हक्क म्हणताना दुरुस्ती झाली की नाही हे बघण्याचा हक्क कोणाच्या लक्षात आला नाही.

हे महाराष्ट्राला शोभत नाही. ग्राहक चळवळ देशात रुजवली ती मराठी माणसांनी. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, आणि १९८६ चा पहिला ग्राहक संरक्षण कायदा आला त्यामागे या मंडळींची वर्षानुवर्षांची मेहनत होती. त्या महाराष्ट्रात ग्राहक नेलपॉलिशच्या बाटलीवर अवलंबून आहे.

आता जरा आपल्याबद्दल. हे वाचायला कडू लागेल.

मेकॅनिकने अर्धा तास गाडीखाली झोपून नेमका बिघाड शोधला आणि म्हणाला "नट सैल होता, आवळला, तीनशे द्या," तर आपण काय म्हणतो? "नट आवळायचे तीनशे?" तोच म्हणाला असता की अख्खं असेंब्ली बदलावं लागेल, साडेचार हजार, तर आपण दोनशे कमी करून घेऊन खुशीत घरी आलो असतो. डॉक्टरच्या तपासण्याचे पैसे देतो, मेकॅनिकच्या तपासण्याचे देत नाही. मग तो आपली मजुरी पार्टच्या मार्जिनमधून काढतो. पार्ट बदलल्याशिवाय त्याचं पोट भरत नाही अशी व्यवस्था आपणच केली आहे. प्रामाणिक कारागिराला मजुरीत मारायचं आणि मग प्रामाणिक कारागीर मिळत नाही म्हणून रडायचं!

दुसरं, इन्शुरन्स. बंपरला तडा गेला की गॅरेजवाला म्हणतो, "क्लेममध्ये बसवतो, वरचा दरवाजापण करून टाकू." आपण म्हणतो, करा, पैसे कंपनी भरणार. बिलावर नवा बंपर, गाडीवर जुनाच ठोकून रंगवलेला. तेव्हा आपल्याला राग येत नाही, कारण खिसा आपला नाही असं वाटतं. पण पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस गेला की तो खिसा आपलाच होता हे कळतं. तो बोनस २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत असतो, हिशोब करा. आणि ज्या माणसाला कंपनीला फसवताना आपण साथ दिली, तो उद्या आपल्याशी हरिश्चंद्रासारखा वागेल ही अपेक्षा कशाच्या जोरावर?

तर नियम येईपर्यंत काय करायचं? पुढच्या गोष्टींना खर्च काही नाही. थोडा निगरगट्टपणा लागतो.

१) गाडी देताना मीटरचं किलोमीटर रीडिंग, पेट्रोलचा काटा, स्टेपनी आणि बॅटरीचा नंबर, सगळ्याचे मोबाईलवर फोटो. गॅरेजवाल्यासमोर काढा, लपून नको. फोटो काढताना बघितलं की निम्मं काम तिथेच होतं.

२) देतानाच सांगा, "काढलेले सगळे पार्ट डिकीत ठेवा." नंतर मागितले तर "भंगारवाला घेऊन गेला" हे उत्तर तयार असतं. वॉरंटीत किंवा एक्स्चेंजमध्ये बदललेला पार्ट त्यांना ठेवावा लागतो, तेव्हा निदान दाखवायला सांगा.

३) नव्या पार्टचा खोका मागा. त्यावर पार्ट नंबर, एमआरपी, महिना-वर्ष असतं. बिलातला नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळवा. आणि खोका घरी न्या, नाहीतर तोच खोका उद्या दुसऱ्या ग्राहकाला दाखवला जाईल.

४) इंजिन ऑइल किती लिटर बसतं हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. छोट्या पेट्रोल गाडीत तीन-साडेतीन लिटर मावत असेल आणि बिल पाच लिटरचं असेल, तर उरलेलं ऑइल कुठे आहे ते विचारा. डिझेल गाडीत मात्र नवं ऑइलही लगेच काळं पडतं. नुसत्या रंगावरून भांडू नका, तोंडघशी पडाल.

५) व्हील अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा, दोन्ही रीडिंगचा प्रिंट मागा. प्रिंट नाही तर पैसे नाहीत.

६) एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून देणारा माणूस तुमचा एसी दुरुस्त करत नाही, वर्गणी घेतो. किती ग्रॅम भरला ते बिलावर लिहून घ्या.

७) नवीन टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ०८२४ म्हणजे २०२४ चा आठवा आठवडा. "नवीन" टायर दोन-तीन वर्षांचा निघाला तर तिथेच सांगा.

८) बिलावर जीएसटी लावला असेल तर जीएसटी नंबर हवाच, आणि तो सरकारी पोर्टलवर तपासता येतो. कच्च्या कागदावर १८ टक्के घेणारा माणूस तुमच्याकडून कर घेऊन स्वतःच्या खिशात भरतोय.

९) फोनवर "टाकू का?" विचारलं तर "आधी फोटो आणि रेट व्हॉट्सॲप करा" एवढंच बोला. तोच तुमचा लेखी करार. उद्या आयोगात जायची वेळ आली तर हाच पुरावा.

१०) प्रामाणिकपणे "अजून दहा हजार किलोमीटर चालेल, आत्ता बदलू नका" म्हणणारा मेकॅनिक भेटला तर त्याला तपासणीचे पैसे स्वतःहून द्या. घासाघीस करू नका. असा माणूस टिकला तर तुमचाच फायदा आहे.

आता सरकारकडे मागणी. राज्याचं ग्राहक संरक्षण आणि वैधमापनशास्त्र एकाच विभागाखाली आहे, अन्न व नागरी पुरवठा विभागाखाली. परिवहन खातंही राज्याचंच. या दोघांनी बसून चार ओळींचा नियम करावा. काम सुरू करण्याआधी अंदाज लेखी किंवा मोबाईलवर द्यायचा, आणि वाढीव कामाला पुन्हा परवानगी घ्यायची. काढलेला पार्ट दाखवायचा किंवा परत द्यायचा. बिलावर पार्ट नंबर आणि मजुरी वेगवेगळी लिहायची. नेहमीच्या कामांचे मजुरीचे दर दारात बोर्डवर लावायचे. आणि वर्षातून काही वेळा तपासून ठेवलेली गाडी घेऊन खात्याच्या माणसाने साधा ग्राहक बनून जायचं. बास.

"छोटे गॅरेजवाले कागदपत्रात मरतील" हा आक्षेप येणार. कुठले कागद? एक फोटो, एक व्हॉट्सॲप मेसेज आणि डिकीत टाकलेला जुना पार्ट. टपरीवरचा पंक्चरवाला पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे दाखवतो आणि मग पैसे मागतो. आख्ख्या या धंद्यात पुरावा दाखवून पैसे घेणारा तो सगळ्यात गरीब माणूस! त्याला जमतं ते लिफ्ट आणि लाउंजवाल्यांना का जमू नये?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आमदारांना टॅग करा आणि एवढंच विचारा: साहेब, पेट्रोल पंपाला माप आहे, गॅरेजला कधी?

कमेंटमध्ये कुठल्याही गॅरेजचं नाव घेऊन शिव्या देऊ नका. पुरावा असेल तर १९१५ ला फोन करा, नसेल तर पुढच्या वेळी गोळा करा. चांगला, प्रामाणिक मेकॅनिक माहीत असेल तर मात्र त्याचं नाव, एरिया जरूर टाका. अशा माणसाची जाहिरात फुकट झाली पाहिजे.

पटलं तर शेअर करा. कॉपी-पेस्ट केलंत तरी चालेल, नावाची गरज नाही. फक्त दहा मुद्दे कापू नका.